थर्मोस्टॅट काढा म्हणे! जुन्या सेडानच्या 'घरगुती उपायां'बद्दल

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, जुनी सेडान घरच्या घरी ठणठणीत ठेवा म्हणून. उपाय काय, तर थर्मोस्टॅट काढून टाका, कूलंटऐवजी साधं पाणी घाला, घट्ट ऑइल वापरा, डिझेलने इंजिन आतून धुवा, ब्रेक ऑइल कमी झालं की वरून भरा, गाडीखाली जायचं तर विटा लावा आणि बॅटरीचे टर्मिनल खायच्या सोड्याने साफ करा. माझी २००४ची एस्टीम मी बऱ्यापैकी स्वतःच सांभाळतो, त्यामुळे घरी काम करायला माझा विरोध नाहीच, पण यातले बरेच उपाय दुखणं बरं करत नाहीत, नुसती त्याची बोंब बंद करतात.

थर्मोस्टॅट. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" अहो पण त्याचा बर्फाशी संबंधच काय! थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या कूलंटच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह. इंजिन लवकर तापावं आणि ठरलेल्या तापमानावर राहावं म्हणून तो असतो, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. काढला की हायवेला इंजिन पुरेसं तापतच नाही, इंजेक्शनवाल्या गाडीत ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून गारच आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, आणि ऑइलमधे ओलावा नि पेट्रोल उतरून गाळ धरतो तो वेगळाच. गाडी तापत असेल तर आधी फॅन चालू होतो का बघा, रेडिएटरच्या जाळीत चिखल बसलाय का, कॅपचं रबर गेलंय का, वॉटर पंप गळतोय का. हे सोडून थर्मोस्टॅट उपटणं म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. त्याच्यावरच संशय असेल तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर काढा, जुन्या पातेल्यात दोऱ्याने असा लटकवा की तळाला टेकणार नाही, आणि पाणी तापवा. उकळी फुटायच्या आधी व्हॉल्व्ह उघडला आणि गार होताना मिटला तर बिचारा निर्दोष आहे, नाहीतर नवा आणा, गॅस्केटसकट. (पातेलं स्वयंपाकातलं घेतलंत तर पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा.)

साधं पाणी. एस्टीमचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, आणि कूलंटमधे गंज रोखणारी रसायनं असतात ती काय नळाच्या पाण्यात येतात? बोअरचं पाणी असेल तर क्षार साचून रेडिएटरच्या नळ्या चोंदतात. रस्त्यात अडकलात तर घाला पाणी, घरी आलात की काढा.

घट्ट ऑइलने टकटक दबते, झिजलेलं बेअरिंग भरून येत नाही, उलट सकाळी स्टार्ट करताना ऑइल वरपर्यंत उशिरा पोचतं. मॅन्युअलमधे जो ग्रेड दिलाय तोच घाला. डिझेलने तर सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसू शकतो, मग प्रेशरच गेलं.

ब्रेकवाला सल्ला सगळ्यात वाईट, कारण तो ऐकायला अगदी शहाणपणाचा वाटतो. डबीतली पातळी हळूहळू उतरते ती बहुतेकदा पॅड झिजल्यामुळे, कारण पिस्टन बाहेर सरकत जातो नि ती जागा ऑइल घेतं. वरून भरलंत की पॅड संपत आलेत हे सांगणारी खूणच गेली, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबलात की तेच ऑइल डबीतून उतू जाऊन खालचा रंग सोलून काढतं. पातळी एकदम उतरली तर गळती शोधा, गाडी काढूच नका. शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा पितं, नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही पण ओलावलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं, उकळलं की ब्रेक नीट लागत नाही, आणि घाटात उतरताना तेवढी उष्णता सहज होते. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदला.

विटा नकोतच. वीट न सांगता फुटते. दोन जॅक स्टँड घ्या, गाडीसोबत आलेला जॅक फक्त चाक बदलण्यापुरता.

सोड्याचं मात्र बरोबर आहे, गरम पाण्यात कालवून ओता, पांढरं सगळं निघतं. फक्त आधी मायनस काढा आणि लावताना मायनस शेवटी, नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडालीच.