गोळ्या बंद करा म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

बायकांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: वजन जास्त असलेल्या बाईच्या अंगात कायम सूज असते. ती गहू, दूध, डाळी-कडधान्यं, टोमॅटो आणि वांग्यामुळे येते. हे सगळं 21 दिवस सोडायचं, सकाळ-संध्याकाळ हळद-लिंबाचं पाणी प्यायचं, आणि तेवढे दिवस शुगरच्या व थायरॉईडच्या गोळ्याही घ्यायच्या नाहीत, कारण ‘केमिकलमुळे सूज बाहेर पडत नाही’.

माझ्या आत्याला तो भिशीच्या ग्रुपवर आला आणि तिने अक्षरशः पाळला. गोळ्या थांबवल्या, वरण थांबवलं, दूध थांबवलं. ज्वारीची भाकरी आणि कोबीची भाजी, बस्स. जिना चढताना मध्येच कठडा धरून उभी राहायला लागली तेव्हा घरात चौकशी झाली, आणि फ्रीजवरच्या डब्यात न फोडलेल्या स्ट्रिप्स सापडल्या. मेसेज लिहिणाऱ्याला ती कोण, तिला काय आजार, काहीच ठाऊक नाही. तरी तिच्या गोळ्या बंद करायला तो मोकळा. म्हणून आधी गोळ्यांचंच बोलते, बाकीचं नंतर.

थायरॉईडची गोळी म्हणजे थायरॉक्सिन. आपली ग्रंथी जे संप्रेरक पुरेसं बनवत नाही, तेच बाहेरून दिलेलं. ते बंद केलं की रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण 7 दिवस जातात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात काही जाणवत नाही, आणि बाई शेजारणीला सांगते, ‘बघ, मला तर काही झालं नाही.’ मग हळूहळू थकवा, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं सुरू होतं, वजन वाढतं, कोलेस्टेरॉल वाढतं, चेहरा आणि पापण्या सुजतात. सूज घालवायची म्हणून सोडलेली गोळी सूज घेऊन येते. तोवर 21 दिवस उलटून गेलेले असतात आणि दोष कुणाला द्यायचा हेही कळत नाही.

शुगरसाठी दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन या गोळीचं तसंच. यकृत रक्तात जी साखर सोडत राहतं ती ही गोळी कमी करते. ती थांबवली की साखर चढते, आणि बऱ्याचदा काहीही न जाणवता चढते. ‘या गोळीने किडनी जाते’ हे वाक्यही मेसेजमध्ये आहे. ते खोटं आहे. किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर मेटफॉर्मिनचा डोस कमी करतात किंवा ती बंद करतात, त्यातून लोकांनी उलटा अर्थ काढला. आणि कुणी ग्लिमेपिराइडसारखी शुगरची दुसरी गोळी चालू ठेवून जेवण मात्र एकदम तोडलं, तर साखर घसरून घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी. म्हणजे मेसेज पूर्ण पाळला तरी धोका आणि अर्धा पाळला तरी धोका.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. वजन आणि दाह, म्हणजे शरीराच्या आत चालणारी सूज (इन्फ्लमेशन), यांचा संबंध खरा आहे. चरबी, विशेषतः पोटातली, नुसती साठून राहत नाही. तिच्यात रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, तिथून आयएल-6 सारखी दाहाचा निरोप देणारी रसायनं रक्तात येतात, यकृत त्यांना प्रतिसाद म्हणून सीआरपी हे प्रथिन जास्त बनवतं; रक्तातल्या त्याच्या प्रमाणावरून दाह किती आहे ते कळतं. याचा मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी संबंध आहे. पण हा दाह डोळ्यांना दिसत नाही. पायावर बोट दाबल्यावर खड्डा पडतो ती सूज वेगळी. ती हृदय, किडनी, थायरॉईड किंवा ब्लडप्रेशरच्या एखाद्या गोळीमुळे असू शकते. मेसेजने दोन्ही एकत्र कालवल्या आहेत. पाय सुजलेली बाई हळदीचं पाणी पीत बसेल आणि डॉक्टरकडे जाणं लांबेल, याची मला खरी भीती वाटते.

मग हा आतला दाह कमी कशाने होतो? अमेरिकेत सिएटलला याच प्रश्नावर झालेला एक प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या 439 स्त्रिया, वय 50 ते 75, चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट: फक्त आहार, फक्त व्यायाम, दोन्ही, आणि काहीच न बदललेला गट. मुदत एक वर्ष. आहाराच्या गटाला दिवसाला 1200 ते 2000 कॅलरी, त्यात स्निग्धांश 30 टक्क्यांच्या आत, आणि वजन 10 टक्के उतरवायचं ध्येय. वर्षाअखेर सीआरपी आहाराच्या गटात सुमारे 36 टक्के आणि आहार-व्यायाम एकत्र करणाऱ्या गटात सुमारे 42 टक्के उतरलं. नुसत्या व्यायामाच्या गटात म्हणावा असा फरक पडला नाही. (चालणं सोडू नका, साखर, स्नायू आणि हाडांसाठी ते हवंच.) ज्यांचं वजन 5 टक्के किंवा जास्त उतरलं त्यांचा दाह अधिक उतरला. 80 किलोच्या बाईसाठी 5 टक्के म्हणजे 4 किलो. वर्षभरात 4 किलो ही आपल्या घरातल्या बायकांना जमणारी गोष्ट आहे: भातावरचं तेल-तूप मोजून, चहातली साखर कमी करून, संध्याकाळची खारी-फरसाण आवरून.

आता पदार्थ. डाळी-कडधान्यांत ‘लेक्टिन’ नावाचं विष असतं म्हणे. कच्च्या राजम्यात खरंच त्रासदायक लेक्टिन असतं, अर्धवट शिजलेला राजमा खाऊन उलट्या होतात. पण आपण राजमा रात्रभर भिजवतो, कुकरला चांगल्या शिट्ट्या देतो, त्यात ते निष्प्रभ होतं. तूरडाळीचं वरण कच्चं कोण खातं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. त्यांच्या ताटातली डाळ, मटकी आणि चवळी काढायला सांगणं हा गुन्हा आहे. शिवाय वजन उतरवताना पोट भरलेलं ठेवतात ती हीच प्रथिनं आणि हाच चोथा.

गहू: सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असेल त्यांना तो पूर्ण वर्ज्य, पण त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते, आधी सोडला तर निकाल चुकू शकतो. बाकीच्यांनी मैदा आणि बेकरीचे पदार्थ कमी करावेत, एवढं मी मेसेजच्या बाजूने म्हणेन. दुधाने दाह वाढतो असं अभ्यासांत दिसत नाही. पचत नसेल तर दही-ताक घ्या. टोमॅटो-वांग्याबद्दल बोलण्यासारखा पुरावाच नाही.

हळद स्वयंपाकात राहू द्या. पण तिच्यातला ज्या घटकाचा गाजावाजा होतो तो करक्युमिन असतो साधारण 3 टक्के, तोही शरीरात फार कमी शोषला जातो. चमचाभर हळद पाण्यात ढवळून औषधाचा डोस होत नाही. आणि करक्युमिनच्या जोरकस गोळ्या घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तिकडेही वळू नका.

या मेसेजमुळे ज्यांनी गोळ्या थांबवल्या असतील त्यांनी आजच डॉक्टरांना फोन करावा, किती दिवस बंद होत्या ते न लपवता सांगावं, आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) व शुगर कधी तपासायची ते विचारावं. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट गोळी मात्र घेऊ नका. थायरॉक्सिन जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हृदयविकार असलेल्यांना ते महागात पडू शकतं.