कृष्णेचं पाणी आपण 'फुकट' सोडतो म्हणे!

पाऊस सुरू झाला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो, यंदा आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा येऊन गेला. मेसेज थोडक्यात असा: कृष्णेचा उगम महाबळेश्वरला, पाऊस आपल्या डोंगरावर, तरी आपल्याला ५८५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आणि कर्नाटकला ७३४, आंध्रला ८११. वर दरवर्षी पुरात शेकडो टीएमसी आपण त्यांना फुकट देतो. २००० पर्यंत वापरलं नाही म्हणून उरलेला हक्कही गेला, आणि या सगळ्याचा हिशोब कुणीच ठेवत नाही.

आकडे बरोबर आहेत, कृष्णेचं पाणी तीन राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाचेच आहेत. पुढचं बघू.

उगम आपला म्हणून पाणी आपलं, हे जरा नागपूरकरांना सांगून बघा. पेंच येते मध्य प्रदेशातून, तिकडे छिंदवाड्यात चौराईला धरण झालं आणि २०१९ ला आपलं पेंचवरचं तोतलाडोह धरण तळाला गेल्यावर नागपूरला दिवसाआड पाणी आलं, तेव्हा आपणच ओरडत होतो ना की वरच्यांनी पाणी अडवलं म्हणून? मेसेजच्या हिशोबाने त्यांचं काहीच चुकलं नाही. तापीही तिकडचीच, मुलताईची. कावेरीच्या निकालात २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगूनच टाकलंय की नदीवर कुठल्या एका राज्याची मालकी नसते.

आता ते 'फुकट' प्रकरण. ५८५ हा आपल्या वापराचा कोटा आहे, हद्दीवरून किती पाणी गेलं त्याचा तो आकडाच नाही. राजापूर बंधाऱ्याखाली (कृष्णेवरचा आपल्या हद्दीतला शेवटचा बंधारा) गेलेलं पाणी कोट्यातून वजा होत नाही, खालच्यांचा वाटा त्यातूनच तर जातो, नाहीतर कुठून जाणार? शिवाय बच्छावतने वाटप ७५ टक्के भरवशाच्या पाण्यावर केलं, म्हणजे चारातली तीन वर्षं जेवढं पाणी नक्की येईल तेवढंच वाटलं, त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षी जास्तीचं वाहणारच. 'मग अडवा की' म्हणणाऱ्यांनी एक गणित करावं. ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) दिवसभर वाहिलं की १ टीएमसी होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग ५ लाख क्युसेकच्या वर गेला होता, म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी. अख्खं अलमट्टी १२३ टीएमसीचं, रिकामं असतं तरी तीन दिवसात फुल्ल.

२००० चं भूत फार जुनं आहे. ३१ मे २००० नंतर बच्छावतच्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकतो एवढंच त्यात लिहिलं होतं. त्या धास्तीने १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ काढून धरणांची घाई झाली आणि कालवे मागे राहिले, तो वेगळा विषय. शिल्लक पाणी वापरायची आंध्रला मुभा दिली पण त्यावर हक्क सांगता येणार नाही हेही तिथेच लिहिलंय. नंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने तर आपले ५८५ कायम ठेवून ८१ वाढवले, ६६६ केले. ते अजून लागू नाही कारण सुप्रीम कोर्टाने अधिसूचना काढायला मनाई केलीय. पण कमी कुठे झाले?

आणि हिशोब कुणी ठेवत नाही म्हणे! अहो हिशोब आहे, आणि भलता इंटरेस्टिंग आहे. वर्ष १ जून ते ३१ मे. प्रत्येक राज्याने किती उचललं, किती भिजवलं, बाष्पीभवन किती झालं याच्या नोंदी ठेवून बाकीच्या राज्यांना द्यायच्या. शेतीला उचललेलं पाणी १०० टक्के धरतात. शहराने १० टीएमसी उचललं तर खात्यावर फक्त २ पडतात, कारण बाकीचं सांडपाणी होऊन परत नदीत येतं असं गृहीत धरलंय (कुठल्या अवस्थेत येतं ते विचारू नका). कारखान्याला तर अडीच टक्केच. आणि विहिरीचं पाणी शून्य, भूजल मोजायचंच नाही. म्हणजे नदीत मोटर टाकून ऊस भिजवला तर लिटरन् लिटर महाराष्ट्राच्या नावावर, तीच मोटर काठापासून शंभर फुटांवरच्या विहिरीत टाकली की खातं कोरं, मग त्या विहिरीला नदीचाच पाझर का असेना. भांडायचंच असेल तर या टक्क्यांवर भांडा, दम आहे त्यात.

राग कशाचा आहे ते मला कळतं. सांगलीच्या दुष्काळी जत, आटपाडीकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं टँकर बघितलेत, त्यांना हे टक्के ऐकवून काय उपयोग. पण मग मेसेजवाल्याने एक आकडा का गाळला? खोऱ्याबाहेर वळवलेलं पाणीही १०० टक्के धरतात. कोयनेतून विजेसाठी पश्चिमेला सोडायची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी, टाटांच्या वीजनिर्मितीच्या धरणांना पाच वर्षांत मिळून २१२, म्हणजे सरासरी ४२. झाले जवळपास ११०. आपल्या ५८५ मधला पाचवा हिस्सा घाट उतरून कोकणात जातो, कोयनेचं पाणी तर वीज झाली की वाशिष्ठीतून थेट समुद्राला. हे ठरवलं आपण, वीज घेतो आपण. यात कर्नाटक कुठे आलं?