काम संपलं की पॉलिसी बंद करायची?

फ्रीलान्स इंजिनिअरांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतोय: "कंपनी नोंदवा, अंगावर काही येत नाही. क्लायंटचा इन्शुरन्स असतोच. तरी पॉलिसी घेतलीच, तर काम संपल्यावर बंद करा, फुकट प्रीमियम कशाला भरायचा?" पॉलिसी म्हणजे इथे प्रोफेशनल इन्डेम्निटी: आपल्या कामातल्या चुकीबद्दल कुणी भरपाई मागितली तर ती भरणारा विमा.

आधी कंपनीचं बघू. मर्यादित दायित्वाची कंपनी भागधारकाला वाचवते, तेही कंपनीच्या देण्यांपासून. हिशोब मी मांडला, ड्रॉइंगवर सही माझी, तर हलगर्जीपणाचा दावा माझ्यावर व्यक्तिशः लावायची वाट अनेक देशांच्या कायद्यात मोकळी असते. शिवाय परवाना माणसाच्या नावावर असतो. 1981 साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलातले झुलते पूल कोसळून 114 माणसं गेली. एकाखाली एक टांगलेले पूल धरायला छतापासून खालपर्यंत जाणाऱ्या एका अखंड सळईऐवजी दोन तुकडे वापरले गेले आणि वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. त्या बदलाच्या ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का होता. मिसुरी राज्यातले परवाने गेले ते दोन इंजिनिअरांचे. "मी फक्त तपासून सही करतो" म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

क्लायंटचा इन्शुरन्स? तो क्लायंटसाठी असतो. विमा कंपनी क्लायंटला भरपाई देते आणि मग त्याच्याच जागी उभी राहून ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. त्या पॉलिसीत तुमचं नाव घातलेलं नसेल, किंवा वसुलीचा हक्क लेखी सोडलेला नसेल, तर तुम्ही समोरच्या बाजूला.

खरी मेख आहे ती पॉलिसी बंद करण्यात. मोटार विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू असली की भागतं. प्रोफेशनल इन्डेम्निटीत बहुतेक पॉलिसी 'क्लेम्स-मेड' असतात: चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला हे बघतात. आज काढलेल्या पायाच्या ड्रॉइंगमधली चूक चार वर्षांनी भेगा पडल्यावर दिसणार. तेव्हा पॉलिसी चालू नसेल, तर आधी भरलेल्या सगळ्या हप्त्यांवर पाणी. काही वर्षांनी नवी घेतली तरी तिच्यावर पूर्वलक्षी तारीख असते. त्याआधीचं काम तिच्यात बसत नाही. म्हणून विमा कंपनी बदलताना जुनी तारीख कायम ठेवून घ्यायची, आणि व्यवसाय थांबवताना 'रन-ऑफ' कव्हर, म्हणजे काम थांबल्यानंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचा विमा, घ्यायचं. तुमच्या देशात असा दावा लावायची कायदेशीर मुदत जितकी, निदान तितक्या वर्षांचं. एखादी गडबड नुसती कानावर आली तरी पॉलिसी चालू असतानाच विमा कंपनीला लेखी कळवायचं. "बघू, क्लायंट काही म्हणत नाही" म्हणून गप्प बसलेल्यांचे क्लेम यावरच अडतात.

राहिला फुकट प्रीमियम. दावा खोटा असला तरी वकील आणि तज्ज्ञ फुकट मिळत नाहीत. पॉलिसी बहुधा तोही खर्च उचलते. मात्र काही पॉलिसींत तो भरपाईच्या कमाल रकमेतूनच वजा होतो, तेव्हा सही करण्याआधी एवढी ओळ शोधा.