गळ्यातली कॉलर आणि शाळेतलं मशीन

पोस्ट लांबली आहे. चहा घेऊन बसा.

परवा १ जुलैला आमच्या क्लबात कॉलर, म्हणजे अध्यक्षपदाचं गळ्यात घालायचं मानचिन्ह, बदलली. जुन्या अध्यक्षांच्या गळ्यातली काढून नव्यांच्या गळ्यात. पदग्रहण झोकात झालं: बुके, शाली, दीपप्रज्वलनाला न पेटणारी वात, मग पनीर. नवे अध्यक्ष तरुण आहेत, तळमळीचे आहेत. भाषणात त्यांनी सात नवे प्रकल्प जाहीर केले. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र झोप लागेना.

आमचा क्लब कुठला ते सोडा. नाशकात सेवाभावी क्लब कमी नाहीत आणि आतून सगळे साधारण सारखेच. बाहेरचे लोक म्हणतात, 'हे खातात-पितात, फोटो काढतात.' दोन वर्षं ट्रस्टचा खजिनदार होतो, म्हणून सांगतो, खाण्याचा आरोप खोटा आहे. जेवणाचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून होतो, देणगीचं खातं वेगळं असतं. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, दरवर्षी ऑडिट होतं, चेकवर दोन सह्या लागतात. त्यातली एक माझी होती. चोरी नाही. आमचा आजार वेगळा आहे.

तीन वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेला आम्ही पाण्याचं आरओ मशीन दिलं. सावळघाट ओलांडून पुढे. जूनचा शेवट, पोरं हातात ग्लास घेऊन रांगेत उभी, मागे नव्याकोऱ्या ग्रॅनाइटवर 'शुद्ध पेयजल प्रकल्प' आणि खाली अकरा नावं. चौथं नाव माझं.

यंदा मार्चमध्ये एका लग्नाला त्या बाजूला गेलो होतो, म्हटलं शाळेत डोकावू. मशीनवर गोणपाट टाकलेलं. गोणपाटावर खडूचे खोके आणि शालेय पोषण आहाराचं मोठं पातेलं पालथं. गुरुजी ओशाळले. खरं तर ओशाळायचं मी.

म्हणाले, "सर, मशीन चांगलं आहे हो. पण एक हंडा शुद्ध पाणी काढायचं तर दोन-तीन हंडे वाया जातात. टँकरचं पाणी असं गटारीत कसं सोडू? गावातल्या बाया मला काय म्हणतील?"

पेठ-सुरगाण्याचं दुखणं नाशिककरांना नव्याने सांगायला नको. पावसाळ्यात धो धो, पण खाली कातळ आणि जमीन उताराची. पाणी मुरत नाही, नद्यांवाटे पश्चिमेला समुद्राकडे निघून जातं, आणि उन्हाळा आला की त्याच गावांत टँकर. तिथे आम्ही पाणी वाया घालवणारं यंत्र बसवून आलो.

बरं, आरओ लागतो खारट, क्षारांच्या पाण्याला. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या खाली असेल तर त्याची गरजच सहसा नसते. मी पुढच्या खेपेला मीटर घेऊन गेलो. शाळेच्या विहिरीचा आकडा एकशे दहा! तिथे गरज होती ती जंतू मारायची. विहिरीत नियमित टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, एक झाकणाची टाकी, तळाला धड तोटी. मशीनच्या किमतीत दहा शाळांचं काम झालं असतं.

आणि आता लाज वाटायची गोष्ट. माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. टीडीएस मीटर मी काउंटरवर विकतो. तरी बैठकीत मी गप्प बसलो, कारण एका कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवलेला, पैसा आला होता, अध्यक्षांचं वर्ष ३० जूनला संपत होतं, आणि शुभकार्यात कोण शिंकणार?

पुढच्या अध्यक्षांनी झाडं लावली. त्यांच्या पुढच्यांनी शिलाई मशिनं वाटली. आधीच्या मशीनचं काय झालं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. कारण तो 'त्यांचा' प्रकल्प.

आमच्या घोषवाक्यात सेवा आहे, ध्येयधोरणात 'शाश्वत' हा शब्द दोनदा आहे. पण घटनेनुसार आमची स्मृती बारा महिन्यांची.

उलट उदाहरणही याच क्लबसंस्कृतीतलं आहे, म्हणून जास्त टोचतं. रोटरीने १९८५ मध्ये जगातला पोलिओ संपवायचं काम अंगावर घेतलं. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. तुमच्यापैकी कित्येकांच्या डाव्या करंगळीवर तो काळा ठिपका लागला असेल. बूथवर मीही बसलोय. दुपारी बाराला पोरं यायची थांबायची, मग अंगणवाडीच्या ताई शीतपेटी खांद्याला लावून वस्तीत निघायच्या. खरं काम त्यांचंच, आम्ही टेबल-खुर्च्या आणि चहा. २००९ मध्येसुद्धा देशात ७४१ रुग्ण सापडले होते. लोक म्हणायचे, हे काही संपत नाही. शेवटची रुग्ण १३ जानेवारी २०११ ची, हावड्याकडची एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

१९८५ ते २०११ म्हणजे सव्वीस वर्षं. प्रत्येक क्लबात सव्वीस अध्यक्ष. त्यांनी दर जुलैला आजार बदलला असता तर?

रोटरीचीच ती चार प्रश्नांची कसोटीही आहे. १९३२ मध्ये हर्बर्ट टेलर नावाच्या माणसाने बुडीत निघालेली भांड्यांची कंपनी सावरताना लिहिलेली, म्हणजे आमच्यासारख्या दुकानदाराचीच. पहिलाच प्रश्न: हे सत्य आहे का? पेठच्या त्या ग्रॅनाइटवर 'शुद्ध पेयजल' लिहिलंय आणि मशीनवर गोणपाट. पहिल्याच प्रश्नाला आम्ही नापास, पुढचे तीन कशाला विचारायचे?

मी बोर्डापुढे तीन गोष्टी मांडल्या. प्रत्येक प्रकल्पाच्या रकमेतला पाचवा हिस्सा देखभालीसाठी बाजूला ठेवा. नव्या अध्यक्षाने पहिला प्रकल्प जाहीर करण्याआधी जुने तीन पाहून यावेत. आणि पाटी वर्षभराने लावा, काम चालू असेल तरच.

एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेतलं. "अरे, नळाच्या वायसरला देणगी कोण देणार? वायसरसोबत फोटो कसा काढायचा?"

मुद्दा बिनतोड आहे. माझ्याकडे उत्तर नाही, वायसर मात्र आहेत. दुकानात डबा भरून.

नवे अध्यक्ष 'बघू' म्हणालेत, आणि त्यांच्या 'बघू'वर माझा थोडा विश्वास आहे, कारण मी सांगितलेल्या शाळेचं नाव त्यांनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता पेठ नाक्यावरून निघतोय. मशीन खाली उतरवायचं, जिथे खाऱ्या पाण्याची तक्रार आहे अशा शाळेचा शोध चालू आहे. इथे झाकणाची टाकी आणि दोन तोट्या बसवायच्या. ग्रॅनाइट काढायचं की ठेवायचं, ते गुरुजींना विचारू. पाना-पक्कड माझ्याकडे आहे, प्लंबर बरोबर आहे. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. छत्री आणा, घाटात पाऊस लागतो.