शिंगरं विकून घेतलेला बंब

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. अमेरिकेतले दहा वेडे सण. मुंडकं नसलेल्या कोंबड्याचा उत्सव, हाळ्या मारायची स्पर्धा, लोण्याची गाय, टरबुजाच्या बिया थुंकायची चढाओढ. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग आणि "यांना कामधंदा नाही का" असे शेरे. मी तिथे काहीच लिहिलं नाही. दोन ओळींत भागणारं नव्हतं ते. त्या यादीतल्या एका सणाला मी माझ्या आईवडिलांना घेऊन गेले होते, आणि त्या दिवसानंतर मला या गावांना हसता येत नाही. म्हणून इथे लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

तो सण म्हणजे व्हर्जिनियातल्या शिंकोटीग बेटावरचं तट्टूंचं पोहणं. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, बुधवारी. शेजारच्या असाटीग बेटावर अर्धरानटी तट्टूंचे कळप राहतात. गावातले घोडेस्वार आधीच्या शनिवार-रविवारी त्यांना गोळा करून कोंडवाड्यात आणतात आणि बुधवारी मधली खाडी पोहून या काठाला आणतात. गुरुवारी शिंगरांचा लिलाव. शुक्रवारी मोठी जनावरं पुन्हा पोहत आपल्या बेटावर परत.

२०२३ च्या उन्हाळ्यात आई-आप्पा आमच्याकडे अमेरिकेत आले होते. आप्पा शहाद्याकडचे. सारंगखेड्याचा घोडेबाजार त्यांनी लहानपणापासून एकही वर्ष चुकवलेला नाही. दत्तजयंतीला तापीकाठी जायचं, घेणं नसलं तरी दिवसभर घोडे बघत फिरायचं, भोवरे तपासायचे, देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, आहे का ते पाहायचं, दात बघून वय सांगायचं. आमच्या घरात कधी घोडा नव्हता, तरी आप्पांना घोड्यातलं कळतं हे सगळ्या गल्लीला माहीत. नायगारा त्यांनी बघितला, न्यूयॉर्क बघितलं, छान म्हणाले आणि गाडीत झोपले. शिंकोटीगला निघालो त्या रात्री मात्र ते अडीच वाजताच आंघोळ करून, टोपी घालून दारात उभे.

पहाटे पोचलो तर आधीच हजारो माणसं खाजणातल्या चिखलात उभी होती. बेटाची वस्ती जेमतेम तीन हजार. चिखल गुडघाभर, डास असे की बोलायला तोंड उघडायची भीती. सगळे वाट बघत होते ती पाण्याची. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी, किंवा ओहोटी संपून भरती लागायच्या आधी, पाणी थोडा वेळ ओढ सोडून थांबतं. तट्टू सोडायची तेव्हाच, म्हणजे ती प्रवाहाबरोबर वाहून जात नाहीत. त्यामुळे सणाची वेळ घड्याळावर ठरत नाही, खाडीवर ठरते. दरवर्षी वेगळी. आपल्याकडे कोकणात होडी घालणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण आम्ही पडलो तापीकाठचे, आप्पांना त्याचंच फार अप्रूप वाटलं.

मग तटरक्षक दलाच्या बोटीवरून लाल धूर सुटला. पलीकडच्या काठावर आरोळ्या झाल्या आणि पाण्यात नुसत्या माना दिसायला लागल्या. तांबड्या-पांढऱ्या, काळ्या-पांढऱ्या, बहुतेक सगळी अबलख. घोड्या पुढे, त्यांच्या कुशीला चिकटून शिंगरं. दोन्ही बाजूंनी होड्या, एखादं पिल्लू दमलं तर हात द्यायला. पाच-दहा मिनिटांत सगळं संपलं. मी आप्पांकडे बघितलं तर ते हात जोडून उभे होते. देवाला जोडतात तसे.

काठाला पहिलं लागलेलं शिंगरू त्या वर्षीचं 'नेपच्यून' ठरतं, नर असेल तर राजा, मादी असेल तर राणी, आणि ते सोडतीत कुणाला तरी मिळतं. बाकीच्यांचा दुसऱ्या दिवशी लिलाव. आम्ही मुक्काम केला तो आप्पांच्या हट्टापायी. सारंगखेड्याला त्यांनी रुमालाखाली बोटं धरून केलेले सौदे बघितलेले, म्हणजे शेजारच्यालाही आकडा कळायचा नाही. इथे सगळा आकडा भोंग्यावरून. एकेक शिंगरू हजारो डॉलरला जात होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. आप्पांनी बराच वेळ ऐकलं आणि मग बाजारातल्या माणसाने विचारावा तो प्रश्न विचारला.

"पैसा जातो कोणाकडे?"

मी म्हटलं, "आप्पा, ही तट्टू गावातल्या आग विझवणाऱ्यांच्या मालकीची आहेत."

त्यांना वाटलं मी चुकीचं समजून घेतलंय. पण खरंच तसं आहे. १९२० च्या दशकात या गावात मोठमोठ्या आगी लागल्या, लाकडी घरं-दुकानं गेली, विझवायला धड साधन नव्हतं. १९२४ मध्ये गावकऱ्यांनी स्वयंसेवकांचं दल उभं केलं. पंपाला पैसे कुठून आणायचे? तट्टू गोळा करण्याची चाल आधीपासून होतीच. १९२५ पासून दलाने तिला जत्रेचं रूप दिलं आणि शिंगरं विकून पैसा उभा केला. आज असाटीग बेटाच्या व्हर्जिनियाकडच्या भागातला कळप त्या दलाचा आहे. त्यांचं औषधपाणी, वर्षभरातली तपासणी सगळं तेच बघतात, आणि आगीच्या बंबाचा खर्चही याच जत्रेतून निघतो. सॉल्टवॉटर काउबॉय म्हणजे ती घोडेस्वार मंडळीही पगारी नाहीत. अमेरिकेत आग विझवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं बिनपगारी आहेत, हे मला इथे इतकी वर्षं राहून त्या दिवशी आप्पांना समजावून सांगतानाच नीट उमगलं. छोट्या गावात रात्री घर पेटलं तर धावून येतो तो शेजारचाच कुणीतरी, दिवसा आपली नोकरी करणारा.

आप्पा म्हणाले, "आपल्याकडे जत्रेच्या वर्गणीतून कळस चढतो. यांनी बंब घेतला. चांगलं केलं."

आईचं मत वेगळं होतं, आणि ते मी लपवणार नाही. लिलावाच्या मांडवातून एक शिंगरू बाहेर नेत होते आणि त्याची आई कोंडवाड्यातून खिंकाळत होती. आई उठून बाहेर गेली. "लेकराला आईपासून तोडतात, त्याला सण म्हणायचं का गं?" मी सांगितलं की बेटावर चारा मर्यादित, अभयारण्यात चरायचा परवाना दीडशेच मोठ्या जनावरांचा, शिंगरं विकली नाहीत तर कळप वाढून सगळेच उपाशी मरतील. मला हे कारण पटतं. पण ते खिंकाळणं ऐकताना मला ते ठामपणे म्हणता आलं नाही. तिला जरा बरं वाटलं ते एका वेगळ्याच गोष्टीने. दरवर्षी काही शिंगरं अशी ठरलेली असतात की घेणारा पैसे मोजतो, नाव ठेवतो आणि शिंगरू परत बेटावरच सोडलं जातं, कळप राखायला. आई म्हणाली, "म्हणजे नुसतं बारसं करायचे पैसे." परतताना गाडीत ती नावं शोधत बसली होती.

त्या दिवसापासून मी या सणांच्या मागे काय आहे ते बघायला लागले, आणि बहुतेक वेळी काहीतरी कामाचंच निघालं.

हाळ्यांची स्पर्धा घ्या. नॉर्थ कॅरोलिनातलं स्पायव्हीज कॉर्नर, चौरस्त्यावरची चार घरं म्हणावीत असं गाव. फोन नव्हते तेव्हा तिथले शेतकरी शेतातून हाळी मारून बोलायचे. प्रत्येकाची हाळी निराळी, ऐकून कळायचं कोण ते. सकाळी उठल्यावर हाळी, म्हणजे मी ठीक आहे. संकटाची हाळी वेगळी. एखाद्या सकाळी शेजाऱ्याची हाळी आली नाही तर माणसं बघायला जायची. फोन आले आणि ही विद्या म्हाताऱ्यांबरोबर जायला लागली, तेव्हा १९६९ मध्ये गावाने तिची स्पर्धा सुरू केली, आणि तिचाही पैसा गावच्या अग्निशमन दलाला. जिंकलेली माणसं टीव्हीवर जॉनी कार्सनच्या गप्पांच्या कार्यक्रमात जाऊन आली. सगळा देश हसला असेल, पण त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं की ही सकाळची हाळी म्हणजे 'जिवंत आहे रे' असा निरोप आहे? गर्दी आटत गेली आणि २०१६ मध्ये ही स्पर्धा बंद झाल्याचं जाहीर झालं. मी ती कधीच ऐकली नाही, याची हळहळ मला मनापासून वाटते. मी या देशात होते, गाडीने एका दिवसात जाऊन यायच्या अंतरावर होते, आणि स्पर्धेच्या शनिवारी कुठल्यातरी मॉलमध्ये होते.

ओहायोतल्या ट्विन्सबर्गला दर ऑगस्टमध्ये जुळ्यांचा मेळा भरतो, १९७६ पासून. मोझेस आणि एरन विल्कॉक्स या जुळ्या भावांनी चौकासाठी सहा एकर जमीन आणि शाळेसाठी वीस डॉलर दिले, अट एकच, गावाचं नाव जुळ्यांवरून ठेवायचं. दोघांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं, एकाच दिवशी गेले, एकाच थडग्यात पुरले गेले. आज हजारो जुळी सारखे कपडे घालून तिथे मिरवणुकीत चालतात आणि बाजूला शास्त्रज्ञ तंबू टाकून बसलेले असतात, कारण इतकी जुळी एका जागी संशोधनाला दुसरीकडे कुठे मिळणार?

लोण्याची गाय आयोवाच्या राज्यजत्रेत, १९११ पासून. सुमारे सहाशे पौंड लोणी, थंड खोलीत काचेआड. फोटो बघून आई आधी कळवळली, "एवढं लोणी वाया?" वाया जात नाही. तेच लोणी वर्षानुवर्षं पुन्हा वापरतात. आणि टेक्सासातल्या लुलिंगच्या टरबूजजत्रेला 'थंप' म्हणतात, म्हणजे टरबूज पिकलंय का ते थाप मारून बघताना येणारा आवाज. ती थाप मी शहाद्याच्या बाजारात आजीला हजारदा मारताना बघितलीय.

सगळंच मला आवडतं असं नाही. कोलोराडोतल्या फ्रुटाचा कोंबडा मला नको. १९४५ मध्ये एका शेतकऱ्याने त्याची मान उडवली आणि तो तसाच दीड वर्ष जगला. त्याला देशभर फिरवून दाखवलं, आणि आता त्याच्या नावाने उत्सव होतो. त्या जिवाच्या हालांमध्ये साजरं करण्यासारखं मला काही सापडत नाही. गावाला त्यातून ओळख मिळाली हे खरं असलं तरीही.

इथल्या आपल्या लोकांशी मला स्पष्ट बोलायचंय. आपण शाळेचे हॉल भाड्याने घेऊन गणपती बसवतो, रात्रभर जागून मखर करतो, दोनशे माणसांचा स्वयंपाक करतो, सगळं बिनपगारी. त्यामुळे चिखलात उभं राहून दोर धरणाऱ्या माणसाला आपण ओळखायला हवं. तो आपल्याच जातकुळीचा कार्यकर्ता आहे. पण आईवडील सहा महिन्यांसाठी येतात आणि आपण त्यांना उंच इमारती दाखवतो. गावाकडून आलेल्या माणसाला गाव दाखवा ना. आप्पा परत गेल्यावर पारावर एम्पायर स्टेटबद्दल एकदाही बोललेले नाहीत. बंबाची गोष्ट मात्र अजून सांगतात, आणि दर वेळी शिंगराचा भाव थोडा वाढलेला असतो.

यंदा कुणाला शिंकोटीगला जायचं असेल तर मला मेसेज करा. आत्तापासून सांगते, बेटावरच्या खोल्या खूप आधी भरतात, मुख्य भूमीवर बघा. पाण्याची वेळ जाहीर होते ती पाहूनच निघा, पण उजाडायच्या आत पोचा. फेकून देता येतील असे बूट घाला, नाडीवाले, नाहीतर चिखल ओढून घेतो. डासांचं मलम, पाणी, म्हाताऱ्यांना टेकायला घडीची खुर्ची. आणि संध्याकाळी दलाच्या जत्रेत कालवांची भजी मिळतात, तिथेच जेवा.