उद्यानाचं उद्घाटन नको, पाच वर्षांची देखभाल दाखवा

शहराच्या उद्यानप्रमुखाला नव्या बागेबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो हा: इथे माळी किती, आणि त्यांच्या पगाराची तरतूद कुठे आहे? बांधकाम भांडवली खर्चातून होतं, त्याला उद्घाटन असतं, म्हणून पैसा मिळतो. पाणी, छाटणी, पंपदुरुस्ती महसुली, म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चात येतात आणि काटकसरीची पहिली कात्री तिथेच लागते.

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घ्या. 1858 साली ओल्मस्टेड आणि वॉक्स या रचनाकारांचा आराखडा निवडला गेला, इतकी नामांकित बाग. तरी 1970च्या दशकात हिरवळीची पार माती झाली होती. पुढे बागेचे 49 विभाग पाडले आणि प्रत्येकाला जबाबदार माळी नेमला. गवत कुठे झिजलंय हे कुणाला विचारायचं, ते तेव्हा ठरलं.

नव्या बागेत झाडं मरतात त्यात रोपाचा दोष क्वचितच. बांधकाम चालू असताना डंपर आणि जेसीबी त्याच मातीवर फिरतात, माती दबते, मुळांना हवा मिळत नाही. मग वरून सहा इंच चांगली माती पसरून लॉन अंथरतात. तपासणी सोपी आहे. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि मोजा. तासाला इंचभर पाणी उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तिथे झाड लावणं म्हणजे हौदात लावणं. काम सुरू व्हायच्या आधी वरची माती काढून वेगळी साठवा, झाडांच्या जागांना कुंपण घाला, शेवटी जमीन दीड-दोन फूट फोडून कंपोस्ट मिसळा. आणि हे सगळं निविदेत लिहा. ठेकेदाराला तोंडी सांगून काही होत नाही.

लावताना बुंधा जिथे रुंद होतो तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. तो पुरला की साल कुजते आणि झाड काही वर्षांनी, ठेकेदाराची जबाबदारी संपल्यावर वाळतं. आधाराची काठी साधारण वर्षभरानं काढायची, नाहीतर दोरी खोडात रुतते. किती सोपं काम, पण ते कुणाच्याच यादीत नसतं!

म्हणून माझं ठाम मत: उद्यानप्रमुखाची बढती लावलेल्या झाडांच्या आकड्यावर देऊ नका. तिसऱ्या वर्षी जगलेली झाडं मोजा आणि ठेकेदाराच्या बिलाचा शेवटचा हप्ताही त्याच मोजणीनंतर सोडा.