भेटायला येऊ नका असं मी का म्हणत होते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा. तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

ह्यांच्या कीमोच्या काळात भेटायला येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवत होते, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, कोल्हापुरात माणूस आजारी पडला की अख्खी पेठ धावून येते, ती माणसं मी दाराबाहेर ठेवली आणि नवऱ्याला एकटं पाडलं. चार मित्र आणि पांढरा रस्सा मिळाला असता तर ते लवकर उभे राहिले असते. आजारी ते आणि लेखात थकवा तुमचा, हेही लिहिलंत. शेवटी सांगितलंत की तुमच्या मेहुण्यांचीही कीमो सुरू आहे, तुम्ही सगळे रोज भेटायला जाता आणि त्यांना काही झालेलं नाही.

ह्यांना लिम्फोमा होता, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. दर 21 दिवसांनी कीमोची एक फेरी, म्हणजे सायकल, अशा सहा. औषध चढवल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी अगदी तळाला जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंना पहिल्यांदा अडवतात. त्या 500च्या खाली गेल्या की तुम्हाआम्हाला दोन दिवस शिंका देऊन जाणारी सर्दी त्या माणसाला आयसीयूत नेऊ शकते. पेशी वाढवायचं इंजेक्शन पोटावर देतात, पण त्यानेही पूर्ण खात्री मिळत नाही. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की ताप 100.4 ला टेकला की मध्यरात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. आधी तापाची गोळी देऊन बघू म्हणायचं नाही, कारण गोळीने ताप दबतो आणि आत संसर्ग वाढत राहतो.

आता यातली खरी फसवी गोष्ट सांगते. पहिले पाच दिवस कीमोबरोबर स्टिरॉइडच्या गोळ्या असतात. तेव्हा भूक लागते, माणूस बोलका होतो. त्या थांबल्या की एकदम गळून जातो. दुसऱ्या आठवड्यात मळमळ ओसरते, चेहऱ्यावर जरा तरतरी येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत रक्त सगळ्यात कमजोर असतं. भेटायला येणारा म्हणतो, ‘तब्येत चांगली दिसतीय की ओ!’ दिसते चांगलीच. म्हणून तर डोळ्यांवर न जाता मी कॅलेंडरवर जात होते.

आणि येणारं माणूस रिकाम्या हाताने येत नाही, ही आपली रीत. एका नातेवाइकांनी गंगावेशीतल्या कट्ट्यावरून म्हशीचं धारोष्ण दूध आणलं, तांब्या पुढे करून म्हणाले, आत्ताच्या आत्ता पिऊ दे, ताकद येईल. त्यांचं प्रेम मला दिसत होतं. पण न तापवलेल्या दुधात जे जंतू असतात ते त्या आठवड्यात ह्यांना सोसणारे नव्हते. मी ते उकळून घेतलं, तर त्यांना राग आला. जोतिबाचा गुलाल, अंबाबाईच्या ओटीतली फुलं, वरून कच्चा कांदा-कोथिंबीर घातलेला डबा, प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायचं आणि समोरच्याचा चेहरा उतरलेला बघायचा. हे रोज करून बघा दादा, म्हणजे दार लावून घेणं सोपं का वाटतं ते कळेल.

जंतूंपेक्षा जास्त त्रास बोलण्याचा झाला, हे मागच्या लेखात मी लिहिलं नव्हतं. पहिला प्रश्न ठरलेला : ‘मावा खायचे काय?’ ह्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. आणि लावला असता तरी, सलाईन चालू असलेल्या माणसाला ते विचारून कुणाचं भलं होणार होतं? दुसरं म्हणजे ‘आमच्या ओळखीत एकाला हेच झालं होतं’. ती गोष्ट कुठे संपते हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं, पण सुरू केल्यावर थांबता येत नाही. माणसं गेली की हे भिंतीकडे तोंड करून पडत. एके दिवशी त्यांनीच सांगितलं, ‘आता कुणाला आत सोडू नकोस. मला असं बघितलेलं नको वाटतंय.’ तुम्ही म्हणता मी त्यांना एकटं पाडलं. तो निर्णय आधी त्यांचा होता. मी दारात उभी होते, एवढंच.

मित्र तर होतेच, तालमीतले सगळे. फक्त ते कॉटशेजारी खुर्ची टाकून बसले नाहीत. लिम्फोमाचा नेमका प्रकार कळल्याशिवाय औषध ठरत नाही, म्हणून बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याच्या, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला दाखवायचे होते. एक मित्र ते घेऊन रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने गेला आणि काम करून आला. दुसऱ्याने महात्मा फुले जनआरोग्य योजनेची फाइल अंगावर घेतली. रेशनकार्ड, आधार, रिपोर्टच्या झेरॉक्स, हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रापुढे उभं राहणं, एक कागद कमी पडला की परत फेरी. ती फाइल मला एकटीला झेपली नसती.

पांढरा रस्साही झाला, काळजी नको. तोंड आल्यामुळे तांबड्याचा तर वाससुद्धा सोसवत नव्हता. एका मित्राच्या आईने मिरी आणि आलं कमी घालून, नारळाच्या दुधातला, मऊ शिजवलेल्या मटणाचा रस्सा पाठवला. मी तो पुन्हा उकळून दिला. स्टीलच्या चमच्याने सगळंच धातूसारखं लागायचं, म्हणून ते वाटीनेच प्यायले. आणि तिसऱ्या आठवड्यात, रक्ताचा रिपोर्ट बरा आला की, तेच मित्र ह्यांना संध्याकाळी रंकाळ्यावर न्यायचे. तिथे कॅन्सर सोडून फुटबॉलवर भांडायचे. त्या संध्याकाळी मी एकदाही अडवल्या नाहीत.

थकव्याबद्दल थोडकंच लिहिते. स्टिरॉइडच्या रात्री ह्यांना झोप नसायची, म्हणजे मलाही नसायची. ताप मोजणं, गोळ्यांच्या वेळा, रिपोर्टचे आकडे, सगळं झोप न झालेल्या डोक्याने सांभाळायचं असतं. मी पडले असते तर ह्यांच्याकडे कोण बघणार होतं? तो लेख ह्यांनी वाचला आणि ‘हे राहू दे’ म्हणाले, तेव्हाच मी टाकला.

आता तुमच्या मेहुण्यांबद्दल. त्यांना काही झालं नाही याचा मला खरोखर आनंद आहे. प्रत्येकाचं औषध वेगळं, प्रत्येकाचं रक्त वेगळं खाली जातं, त्यामुळे त्यांना किती जपायचं ते त्यांचे डॉक्टर सांगतील. पण तुमचे मेहुणे म्हणजे त्या घरात तुमची बहीण आहे. तुम्ही सगळे रोज जाता तेव्हा दार ती उघडते, चहा ती टाकते, कालचीच हकिगत पुन्हा तीच सांगते. तुमच्या इतक्या लांब प्रतिक्रियेत तिच्याबद्दल एक ओळ नाही.

उद्या जायच्या आधी तिला फोन करा आणि सायकलचा कितवा दिवस आहे ते विचारा. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याला नेऊ नका. तुम्ही तरी मास्क लावून, हात धुऊन जा. दोन तास तुम्ही मेहुण्यांजवळ बसा आणि ताईंना आतल्या खोलीत झोपू द्या. चहा तुम्हीच करा. योजनेची फाइल अडली असेल तर मला इथेच लिहा, कुठला कागद कुठे लागतो ते मी सांगते.